तिघांचं भुयार

१

रिसानीच्या बाजारातून परतणारी गाडी कड्याच्या पायथ्याशी थांबली, तेव्हा अख्खं इगरम गाव तिथं उभं होतं. मी टपावर पिठाच्या पोत्यांमध्ये बसलो होतो. खालच्या एकानं मान वर करून विचारलं, "मीमून, तू होतास कुठं?"

"रिसानीत, बहिणीकडे. का, काय झालं?"

"झायद गाडला गेलाय. तुमच्या भुयाराचं तोंड ढासळलं."

मी टपावरून उडी टाकली, गुडघ्यांवर आपटलो आणि तसाच पळत सुटलो.

आमचा कडा लांबून तीन रंगांचा दिसतो. खाली तांबडी वाळू, मध्ये हिरवट चिकणमाती, वर चुनखडीची पांढरी टोपी. डायनासोरांच्या काळात इथं मोठी नदी होती म्हणे. तिच्यात मोटारीएवढे मासे होते, आणि ते मासे खाणारी, पाठीवर शीड असलेली जनावरं. ती सगळी आता दगड होऊन या कड्यात पडली आहेत. आम्ही उंदरांसारखी बिळं पाडून त्यांचे दात आणि मणके बाहेर काढतो आणि विकतो. या वाळवंटात दुसरं काही पिकत नाही.

झायद आणि मी सात वर्षं एकाच भुयारात खणत होतो, खालच्या तांबड्या वाळूत. दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला, "मीमून, तू आता तुझं वेगळं बघ." कारण सांगेना. मला ते लागलं. विहिरीपाशी, सगळ्यांदेखत, मी त्याच्यावर ओरडलो, "एकटाच खण मग. एकटाच गाडला जाशील." ते वाक्य गाव विसरलं नव्हतं. मी गर्दीतून वाट काढत पुढं जात होतो आणि लोक माझ्यापासून बाजूला सरकत होते.

भुयाराच्या तोंडाशी दा बस्सू गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होते. वय पासष्टच्या पुढं, छातीत चाळीस वर्षांची धूळ, श्वास घेतला की शिट्टी वाजायची. कुठं बीळ पाडायचं, कुठं टेकू लावायचा, खणणं कधी थांबवायचं, हे इगरममध्ये तेच ठरवायचे. सकाळी ढिगाऱ्यापाशी झायदची मोपेड आणि चहाची किटली त्यांनाच दिसली होती आणि गावाला हाक त्यांनीच दिली होती. आता कुदळ टाकून ते नुसत्या हातांनी खणत होते. बोटांतून रक्त येत होतं.

"दा बस्सू, तुम्ही जरा बाजूला बसा. मी घेतो," मी म्हणालो.

"खण," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

झायदची बायको इत्तो ढिगाऱ्यापासून दहा पावलांवर उभी होती. रडत नव्हती. प्रत्येक पाटी भरली की ती पाटीत डोकावून बघायची, जणू वाळूबरोबर तिचा नवरा टाकून दिला जाईल.

दुपारपर्यंत आम्ही एक माणूस आडवा झोपेल एवढंच अंतर कापलं. तेवढ्यात लल्ला तूदा पाण्याची घागर आणि भाकऱ्या घेऊन आली. लल्ला म्हणजे बाई, आम्ही तिला आदरानं तसं म्हणतो; ती गावाची हाडं साफ करते. कड्यातून जे निघेल ते आम्ही तिच्या दारात नेतो. ती सुईनं आणि ब्रशनं माती काढते, तुटलेलं चिकटवते. दात हातात घेतला की तो कुठल्या भुयारातला हे ती मातीवरून सांगते. चुकलेली मी पाहिलेली नाही.

एकेकाच्या हातावर ती पाणी घालत होती. दा बस्सूंनी हात पुढं केले आणि पुरते धुऊन व्हायच्या आत मागं घेतले.

"थांबा, रक्त आहे अजून," ती म्हणाली.

"असू दे."

ती क्षणभर जमिनीवर सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे आली.

"मीमून, झायद चहा कुठं करायचा रे?"

"भुयाराच्या तोंडाशी. चहा घेतल्याशिवाय तो आत पाऊलसुद्धा टाकत नाही."

तिनं मोपेडजवळची किटली उचलली. आत अर्धी किटली चहा होता, पुदिन्याची पानं तळाशी बसलेली. बुडाला काजळी होती. तिनं आजूबाजूच्या जमिनीवरून नजर फिरवली.

"मग राख कुठाय?" ती म्हणाली.

२

राख नव्हतीच. चूल मांडायचे तीन दगड नव्हते, जळकी काटकी नव्हती. खणलेली माती आम्ही सगळी एका अंगाला टाकली होती आणि मोपेडकडची बाजू कुणी हलवलीच नव्हती. म्हणजे चहा दुसरीकडे झाला होता, आणि किटली इथं कुणीतरी आणून ठेवली होती.

तूदानं हे दा बस्सूंना जाऊन सांगितलं.

"किटलीवरून माणूस शोधतेस का तूदा?" ते धापा टाकत म्हणाले. "तो आत आहे. खणू दे आम्हाला."

"आत नाही तो. तुम्ही खणताय तेवढा वेळ त्याचा श्वास दुसरीकडे संपतोय."

दोघं-तिघं तिच्यावर खेकसले. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा हद्दू असाच गेला होता, कड्याच्या वरच्या अंगाच्या एका भुयारात, दोन सोबत्यांबरोबर. तीन दिवस खणून दा बस्सूंनी दगडाला कान लावला, आत काही नाही म्हणाले, फातिहा वाचला आणि तोंडावर दगड रचून ते बंद केलं. तेव्हापासून आम्ही त्याला तिघांचं भुयार म्हणतो. तिथं कुणी कुदळ मारत नाही. आजही तूदाला तेच आठवत असणार, म्हणून ती असं बोलते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ती इत्तोजवळ जाऊन बसली.

दोन तासांनी माझी पहार आरपार गेली. मी सगळ्यांत बारीक, म्हणून मला आत ढकललं. डोक्याला दिवा बांधून मी सरपटत गेलो. आत सगळं जसंच्या तसं होतं. छत शाबूत, आमच्या जुन्या कुदळींचे घाव शाबूत. वीस पावलांवर भुयार संपलं. मी त्या भिंतीला हात लावला आणि परत फिरलो. येताना तोंडापाशी टेकूचं लाकूड दिसलं. त्यावर पहारीचे ताजे घाव होते, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. टेकू बाहेरून पाडला होता.

"आत कुणी नाही," मी बाहेर येऊन म्हणालो, "आणि हे कुणीतरी मुद्दाम पाडलंय."

इत्तो खाली बसली. गर्दीत सगळे एकदम बोलायला लागले. मोठं हाड सापडलं असेल, ते घेऊन पळाला, असं एक म्हणाला. आता समुद्र ओलांडून परदेशातच भेटेल तो, असं दुसरा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मीमूनला विचारा ना. गाडला जाशील असं कोण म्हणालं होतं?" माझे दोन्ही दंड कुणीतरी मागून धरले.

दा बस्सू एका दगडावर बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. "चौकीतून पोलीस येतील," ते म्हणाले. "ते बघतील काय ते. घरी जा सगळे."

लोक निघायला लागले. खरंच निघायला लागले.

"एक पाऊल कुणी हलू नका," तूदा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण लोक थांबले. "झायद कुठंतरी गाडला गेलाय. आणि ज्याला ती जागा ठाऊक आहे तो माणूस इथं, आपल्यात उभा आहे."

३

तिनं सुरुवात माझ्यापासून केली.

"सूर्य उगवला तेव्हा कुठं होतास?"

"रिसानीत. गाडी भरत होतो."

ड्रायव्हर पुढं आला. "खरंय ते. फजरच्या नमाजापासून माझ्याबरोबर पोती चढवतोय."

"झायद पहाटे घरून निघाला तो मोपेडवर. दा बस्सूंना मोपेड इथं दिसली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. जे झालं ते एवढ्या वेळात झालं," तूदा म्हणाली. "हात सोडा त्याचे."

हात सुटले. माफी कुणी मागितली नाही, मीही वाट बघितली नाही. मी तिच्यामागोमाग इत्तोकडे गेलो.

"पोरी, काल संध्याकाळपासूनचं सांग. काहीही गाळू नकोस."

इत्तोनं ओठांवरून जीभ फिरवली. "काल घरी आला तो गप्पच होता. हात धुतले आणि मग्रिबच्या नमाजानंतर परत बाहेर गेला. मी म्हटलं, जेवून जा. तर म्हणाला, आधी ज्याला सांगायला हवं त्याला सांगून येतो."

"कुणाला?"

"नाव नाही घेतलं. परत आला तेव्हाही जेवला नाही. निजताना म्हणाला, उद्या लल्ला तूदासाठी काहीतरी आणायचंय. मला वाटलं, हाड असेल एखादं साफ करायला."

"आणखी काही घरात आणून ठेवलंय त्यानं?"

"दात आहेत तीन. कालच आणलेत. तुमच्याकडे द्यायचे राहिले."

आम्ही तिच्या घरी धावलो. फडताळात, साखरेच्या डब्यामागं, चिंधीत बांधलेले तीन दात होते, एकेक माझ्या बोटाएवढा. तूदानं एक दारातल्या उजेडात धरला. दाताच्या खोबणीत माती सुकून बसली होती, आणि ती तांबडी नव्हती. हिरवट होती.

"हे तुमच्या भुयारातले नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत," मी म्हणालो. मला माझ्या मूर्खपणाची लाज वाटली. दोन महिने मी त्याच्यावर रुसून होतो, आणि तो वरच्या थरात एकटाच खणत होता. "हिरवी माती सी अब्बासच्या चरात आहे. वरच्या अंगाला."

सी अब्बास, म्हणजे अब्बास साहेब, एर्फूद शहरातला व्यापारी. आमचे दात, मणके तोच उचलतो. झायदनं फक्त आपल्यासाठी खणावं म्हणून तो वर्षभर त्याच्या मागं लागला होता, आणि झायद प्रत्येक वेळी नाही म्हणाला होता. सकाळपासून तो गर्दीच्या कडेला आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. एकदाही त्यानं कुदळ धरली नव्हती.

आम्ही घराबाहेर आलो तर ती पांढरी गाडी धूळ उडवत गावाबाहेर निघाली होती.

४

मी गाडीला आडवा जाऊन उभा राहिलो. त्यानं ब्रेक मारला तो माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर.

"वेडा झालास का रे?"

"झायद कुठाय?"

"मला विचारतोस? मला माहीत असतं तर मी इथं उन्हात उभा राहिलो असतो का दिवसभर?" सी अब्बास गाडीतून उतरला. दाढी नीट कापलेली, डोळे मात्र सुजलेले. "मी चौकीवर चाललो होतो. तुमच्यातलं कुणी जाईल असं दिसेना."

"तुमच्या चरात हिरवी माती आहे," तूदा म्हणाली.

"आहे. आणि माझी माणसं आठ दिवस घरी बसली आहेत, मशीन बंद पडलंय म्हणून. चर उघडा आहे, लल्ला, वर छतच नाही. त्यात माणूस गाडायचा कसा? चला, बघा, मी नेतो." मग हळू आवाजात म्हणाला, "तो मला हो म्हणाला असता तर आज उघड्यावर खणत असता."

खोटं बोलणारा माणूस एवढा चिडत नाही, असं मला वाटलं, पण माझ्या वाटण्यावर त्या दिवशी माझाच भरवसा नव्हता.  तूदानं गाडीच्या बॉनेटवर चिंधी पसरली, ओढणीला टोचलेली सुई काढली आणि दातांवरची माती उकरायला लागली. तीन तासांत सूर्य बुडणार होता आणि ही बाई दात साफ करत होती. माझ्या मनात आलं, तिच्या हातातून तो दात हिसकावून घ्यावा. इत्तो तशीच उभी होती, आपलंच मनगट घट्ट आवळून.

तिसऱ्या दातावरची माती निघाली आणि तिच्याबरोबर एक पिवळट टवका निघाला, नखाएवढा.

"राळ असेल," सी अब्बास वाकून म्हणाला. "त्या काळच्या झाडांची. सापडते कधी कधी."

"लायटर द्या."

तिनं टवका सुईच्या टोकावर धरला आणि खाली ज्योत धरली. तो लगेच वितळला आणि बॉनेटवर थेंब पडून पांढरा झाला. तूदानं वास घेतला.

"मेण आहे. मेणबत्तीचं."

"आता मेणबत्ती घेऊन कोण खणतं?" मी म्हणालो. "सगळ्यांकडे बॅटरीचे दिवे आहेत. मेणबत्त्या घेऊन आपण शेवटचे आत गेलो त्याला दहा-अकरा वर्षं..."

मी मध्येच थांबलो. दहा-अकरा वर्षं. हिरव्या थरात भुयार एकच होतं, आणि ते अकरा वर्षं बंद होतं.

तूदानं सुई परत ओढणीला टोचायचा प्रयत्न केला. दोनदा चुकली.

"हा दात तिघांच्या भुयारातल्या जमिनीवरून उचललेला आहे," ती म्हणाली. "झायद माझ्या माणसापर्यंत पोचला होता."

खालून त्या भुयाराचं तोंड दिसत होतं. अकरा वर्षांपूर्वी रचलेले दगड तसेच होते, एकही हललेला नव्हता. म्हणजे झायदनं मागच्या बाजूनं, घळींमधून, नवं बीळ पाडलं होतं. मागच्या बाजूला सतरा घळी आहेत आणि प्रत्येकीत जुनी-नवी पन्नास बिळं. सगळं गाव लावलं तरी अंधार पडेपर्यंत निम्म्याही बघून होणार नव्हत्या.

"आपल्याला सापडणार नाही तो," इत्तो म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच स्वतःहून बोलली होती.

"नाही सापडणार," तूदा म्हणाली. "विचारावं लागेल." आणि ती खाली ढिगाऱ्याकडे चालायला लागली.

५

दा बस्सू त्याच दगडावर बसले होते. बरेच लोक घरी गेले होते. उरलेले चार-पाच जण आम्हाला बघून जवळ आले.

"हात पुढं करा, दा बस्सू," तूदा म्हणाली.

"धुतलेत मी."

"दुपारी मीच पाणी घातलं. सगळ्यांच्या हातांवरून तांबडं पाणी गेलं. तुमच्या हातांवरून आधी तांबडं गेलं आणि मग हिरवट. तेव्हा मला कळलं नाही. तुम्ही आज तांबड्या वाळूत खणताय. ही हिरवी माती नखांत कधी गेली?"

त्यांनी मुठी आवळल्या.

"काल झायद म्हणाला, आधी ज्याला सांगायला हवं त्याला सांगून येतो. तिघांचं भुयार उघडलं तर आधी कुणाला सांगायचं? मी तासभर दुसरं नाव शोधत होते. ज्यानं ते बंद केलं त्यालाच ना? मोपेड तुम्हीच ढकलत आणलीत. किटली तुम्हीच ठेवलीत. टेकू तुम्हीच पाडलात, गावानं इथंच खणत राहावं म्हणून. आणि दिवसभर आमच्यापुढं रक्त येईपर्यंत खणलंत, जिथं कुणी नाही हे ठाऊक असलेल्या जागी." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बस्सू, माझ्याकडे बघ."

कित्येक वर्षांत त्यांना 'दा' न लावता कुणी हाक मारली नव्हती. ते बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"भिंत फोडून तो आत शिरला. तिघं तिथं होते. आणि भिंतीवर रेघा होत्या. हद्दूकडे घड्याळ होतं ना, त्यानं दिवस मोजले होते. नऊ रेघा."

 आम्ही तिसऱ्या दिवशी खणणं थांबवलं होतं.

"मी त्याला म्हटलं, बंद कर ते परत. म्हटलं, अकरा वर्षं झाली, कुणाला काय उपयोग. तो म्हणाला, लल्ला तूदाला कळायला हवं. आज पहाटे मी परत विनवायला गेलो. त्यानं मला चहा दिला. मग आत गेला आणि छत बसलं. मी पाडलं नाही, तूदा. हवी ती शपथ घेतो. मी हातांनी उकरायला लागलो. आतून ठोके ऐकू येत होते. मी उकरत होतो आणि मग..." ते थांबले. "मग माझ्या मनात आलं, हा बाहेर आला की त्या नऊ रेघाही बाहेर येणार. आणि माझे हात थांबले."

इत्तोच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मी तिला धरलं, नाही तर ती त्यांच्या अंगावर गेली असती.

"तेव्हाही ठोके होते," तूदा म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"होते. तिसऱ्या दिवशी मी कान लावला तेव्हा होते. आत आपली अकरा माणसं खणत होती आणि छत गळत होतं. अजून एक हात खणला असता तर अकराही गेले असते. हे मी सांगायला हवं होतं. ठोके आहेत, पण मी थांबवतोय, असं. मला सांगता आलं नाही. म्हणून म्हणालो, काही ऐकू येत नाही."

तूदानं डोळे मिटले.  तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बीळ कुठं आहे?"

"तूदा..."

"ते सगळं नंतर. बीळ कुठं आहे?"

"सहावी घळ. वाकड्या बाभळीच्या वर."

६

बाभळीखाली तीन दगड होते आणि त्यांच्यामध्ये राख. वर हिरव्या मातीचा ढीग बसला होता, आणि ढिगावर दहा बोटांनी उकरलेला खड्डा. मी कान लावला. काही ऐकू आलं नाही. कुदळीच्या दांड्यानं दगडावर तीनदा ठोकलं. परत कान लावला.

खूप आतून, खूप सावकाश, एक ठोका आला. मग दुसरा.

माझ्या तोंडून काय निघालं मला आठवत नाही, पण गाव घळीत उतरलं ते धावतच. सी अब्बासनं गाडीचा जॅक आणि चराच्या लोखंडी पट्ट्या आणल्या. स्वच्छ सदरा घातलेला तो माणूस कोपरांपर्यंत मातीत गेला. पहिल्या दोन हातांनंतर छत परत गळायला लागलं आणि आम्ही मागं सरकलो. हिरवी माती वाळूसारखी नसते. ती आधी फुगते आणि मग एकदम बसते. तिचं छत कसं धरायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"पट्टी आडवी नको, तिरकी लाव," मागून आवाज आला. "डाव्या अंगानं खण. उजवीकडे हात लावू नकोस."

दा बस्सू बाभळीला धरून उभे होते. कुणी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. पण पट्टी तिरकी लागली आणि खणणं डाव्या अंगानं सुरू झालं. ते सांगत होते, आम्ही करत होतो. सूर्य कड्याला टेकला तेव्हा माझ्या हाताला कापड लागलं.

झायद जिवंत होता. उजवा पाय दगडाखाली होता, ओठ मातीनं भरले होते. मी त्याच्या तोंडात ओल्या कापडानं पाणी पिळलं.

"मीमून," तो म्हणाला, "दिवस गेला का रे सगळा?"

"गेला. बोलू नकोस."

"तिघांच्या भुयाराकडे तुला कसा ओढणार, म्हणून वेगळं काढलं. तू रुसला होतास."

"होतो. गप्प बस आता."

दगड जॅकवर उचलून त्याला बाहेर ओढलं तेव्हा इत्तोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि दिवसभर दाबून धरलेलं रडू तिच्यातून असं आलं की बायकांनी तिला सावरायचा प्रयत्नही केला नाही. सी अब्बासनं त्याला एर्फूदच्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीची जीप आली. दा बस्सू आपल्या दारात तयार बसले होते. त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. तूदा फौजदाराला म्हणाली, "तिघांना बाहेर काढायचंय. छत याच्याशिवाय कुणाला कळत नाही. दुपारपर्यंत थांबा."

ते थांबले. दा बस्सू बेड्या घातलेल्या हातांनी बिळाच्या तोंडाशी बसून कुठं काय लावायचं ते सांगत राहिले, आणि आम्ही आठ जणांनी पाळीपाळीनं आत जाऊन तिघांना आणलं. मी आत गेलो तेव्हा भिंतीवरच्या रेघा पाहिल्या. पहिल्या सरळ होत्या. शेवटची मोजावी की नाही अशी होती.

तिन्ही चादरी बाभळीखाली ठेवल्या.  शिपायानं दा बस्सूंना जीपकडे नेलं, तेव्हा तूदा मागोमाग गेली. मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आम्ही खणणं थांबवून खाली गेलो," ती म्हणाली. "त्यानंतर किती दिवस ठोके येत होते, ते तुला कसं कळणार. मी उगाच विचारतेय."

दा बस्सू जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"कळलं मला," ते म्हणाले. "मी रोज येत होतो. एकटाच. तोंडावरच्या दगडाला कान लावून बसायचो, संध्याकाळपर्यंत. सहाव्या दिवसापासून एकाचेच ठोके येत होते. नवव्या दिवशी दुपारी ते थांबले. झायदनं मला नऊ रेघा सांगितल्या ना, त्या मला आधीच ठाऊक होत्या."

 शिपायानं घड्याळ बघितलं, पण घाई केली नाही.

"मला घरात दुखवट्यात बसवलंस," ती म्हणाली, "आणि त्याच्याजवळ तू जाऊन बसलास."

 शिपायानं दा बस्सूंना हात देऊन आत चढवलं. तूदा माघारी वळली आणि बाभळीखालच्या मधल्या चादरीपाशी जाऊन बसली. बायका तिला घरी न्यायला आल्या, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. दफन होईपर्यंत ती तिथून उठली नाही.